युद्धात असलेल्या देशाला दिलेली मदत नेमकी कुठे गळते?

प्रश्न : कर्वेनगरकर

युक्रेनच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीतील टक्केवारीचे प्रकरण नोव्हेंबर २०२५ मध्ये उघड झाल्यापासून आमच्या कर्वेनगरातील वाचक मंडळात या विषयावर वाद चालू आहे. त्यात आवाज जितका चढतो तितकी माहिती पुढे येत नाही, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे. मंडळातील एका गटाचे म्हणणे असे की अमेरिकेने आणि युरोपने दिलेले अब्जावधी डॉलर कीव्हमधील मंत्री आणि त्यांचे दलाल खात आहेत, तेव्हा ही मदत बंद करणे हाच शहाणपणा आहे. दुसरा गट म्हणतो की भ्रष्टाचाराची ओरड ही ज्यांना मदत द्यायचीच नाही त्यांची सबब आहे, आणि एखादा देश अस्तित्वासाठी लढत असताना त्याच्याकडे पावत्या मागत बसणे माणुसकीला धरून नाही. मला दोन्ही विधाने अपुरी वाटतात, कारण ती करणाऱ्यांपैकी कोणीही मदत कोणत्या वाटेने पोचते याचा विचार केलेला दिसत नाही.

माझे विचारणे असे आहे. आजवर ज्या प्रकरणांत गुन्हे दाखल झाले किंवा मंत्र्यांना जावे लागले, त्यांत परदेशी मदतीचा पैसा गेला होता की युक्रेनच्या स्वतःच्या तिजोरीतला? हा फरक खरोखर महत्त्वाचा आहे, की केवळ हिशेबाच्या वहीपुरता आहे? आणि शस्त्रे, कर्जे, पगाराची रक्कम अशा वेगवेगळ्या रूपांत येणारी मदत तपासण्याची व्यवस्था युद्ध चालू असताना कशी काम करते? पुण्यात संरक्षण खात्याच्या हिशेबात उभी हयात घालवलेली मंडळी पुष्कळ आहेत, त्यांनी आपल्या कामाच्या अंगाने लिहिले तर फार उपयोग होईल. एक विनंती आहे : युद्धात न्याय कोणाच्या बाजूने आहे यावर येथे चर्चा नको. त्यासाठी दुसरे धागे आहेत आणि ते पुरेसे तापलेले आहेत.


उत्तर : निवृत्त लेखाधिकारी, खडकी

ताई, प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी नोकरीची बहुतेक वर्षे संरक्षण लेखा विभागात काढली, त्यामुळे शस्त्रास्त्रांच्या भागापुरते लिहितो.

पहिली गोष्ट अशी की ‘मदत’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर नोटांच्या थैल्या येतात, परंतु लष्करी मदतीचा मोठा भाग कधीच पैशाच्या रूपात युक्रेनला गेलेला नाही. अमेरिकी संसदेने २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात पाच कायदे करून सुमारे १७५ अब्ज डॉलरची तरतूद केली. हा आकडा वर्तमानपत्रांत सर्रास ‘युक्रेनला दिलेले पैसे’ म्हणून छापला जातो. प्रत्यक्षात त्यातील बरीच रक्कम अमेरिकेतच, तिथल्या कारखान्यांत खर्च झाली, कारण अध्यक्षांना असलेल्या विशेष अधिकाराखाली अमेरिकी लष्कराच्या कोठारातून जुना माल उचलून युक्रेनला पाठवायचा आणि रिकाम्या झालेल्या जागी नवा माल भरण्यासाठी संसदेचा पैसा वापरायचा, अशी ती रीत होती. तोफगोळा चोरता येतो, परंतु तो परदेशातील बँकेत जमा करता येत नाही. चोरीचा प्रकार बदलतो आणि त्याबरोबर तपासणीचाही प्रकार बदलतो.

अशा व्यवहारात पहिला घोळ किमतीचा होतो. जून २०२३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने जाहीर केले की पाठवलेल्या मालाची किंमत ६.२ अब्ज डॉलरने जास्त धरली गेली होती. वीस वर्षे कोठारात पडून असलेल्या वस्तूची किंमत घसारा वजा करून लावायची, की तीच वस्तू आज नवीन घेतली तर जे मोल पडेल ते लावायचे, एवढाच तो वाद होता, आणि कारकुनांनी दुसरे मोल लावले होते. या ६.२ अब्जांत कोणाच्याही खिशात दमडी गेली नव्हती. उलट तेवढ्या रकमेचा माल आणखी पाठवण्याची मुभा मिळाली. तरीही पुढे कित्येक महिने हा आकडा ‘गायब झालेले सहा अब्ज’ म्हणून फिरत राहिला.

दुसरा घोळ मोजणीचा, आणि तो माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. खांद्यावरून डागायची जॅव्हेलिन आणि स्टिंगर क्षेपणास्त्रे, रात्री पाहण्याची दुर्बीण अशा वस्तू चुकीच्या हाती पडू नयेत म्हणून अमेरिकी नियमांनुसार त्यांची नोंद प्रत्येक नगाच्या क्रमांकासह ठेवावी लागते, आणि माल पोचल्यापासून ९० दिवसांत ती मोजदाद पूर्ण व्हावी लागते. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे खात्याच्या कामाची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले होते की अशा सुमारे १.७ अब्ज डॉलरच्या मालापैकी १ अब्ज डॉलरहून अधिक, म्हणजे ५९ टक्के मालाची मोजदाद जून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत मुदतीत झालेली नव्हती. बातमी आली ती ‘एक अब्जाची शस्त्रे बेपत्ता’ अशी. अहवालात तसे म्हटलेलेच नव्हते. शस्त्रे अन्यत्र वळवली गेली का, हे तपासणे आपल्या कक्षेबाहेर होते, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

आमच्या खात्यात साठा प्रत्यक्ष मोजल्यावर वहीपेक्षा कमी भरणे हा एक आक्षेप असतो आणि मोजणीच न होणे हा वेगळा. पहिल्यात कोणाला तरी जबाब द्यावा लागतो. दुसऱ्यात जबाब देणाराच सापडत नाही, आणि म्हणून मुरलेला लेखापरीक्षक दुसऱ्याला अधिक घाबरतो. मोजणी का झाली नाही, याची कारणे अहवालात आहेत आणि ती पटण्यासारखी आहेत : कीव्हमधील दूतावासात माणसे थोडी, त्यांना आघाडीवर जाण्याची परवानगी नाही, आणि माल येताक्षणी पुढे पाठवावा लागतो. त्यावर तोडगा म्हणून युक्रेनच्या सैनिकांकडेच क्रमांक वाचणारी हातातली यंत्रे देण्यात आली, म्हणजे ज्याची तपासणी करायची त्यालाच तपासणीस नेमले. शांततेच्या काळात आम्ही असला प्रस्ताव फेटाळला असता. युद्धात दुसरा मार्ग काय होता, हे मला सुचत नाही.

तुलनेसाठी इराक पाहावा. तेथील सुरक्षा दलांना अमेरिकेने दिलेल्या सुमारे १ लाख ९० हजार बंदुका आणि पिस्तुले यांचा हिशेब लागत नसल्याचे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये लिहिले होते. तेथे सुरुवातीच्या काळात क्रमांकवार नोंदी ठेवण्याची शिस्तच पाळली गेली नव्हती. त्या मानाने युक्रेनमधील नोंदी उशिरा झाल्या, पण ठेवल्या गेल्या. मी याला उत्तम म्हणणार नाही, परंतु या दोन अहवालांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.


उत्तर : अर्थशास्त्राची विद्यार्थिनी

लेखाधिकारी काकांनी शस्त्रांचा भाग उलगडला आहे, म्हणून मी रोख मदतीबद्दल लिहिते. ‘पैसा परदेशी होता की स्वतःचा’ या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे, आणि ते सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही.

युक्रेनला मिळणारी आर्थिक मदत प्रामुख्याने सरकार चालू ठेवण्यासाठी असते. २०२२ मध्ये जागतिक बँकेने एक योजना सुरू केली आणि अमेरिकेची बरीच आर्थिक मदत तिच्यामार्फत गेली. या योजनेत शिक्षकांचे, आरोग्य कर्मचाऱ्यांचे आणि सरकारी नोकरांचे पगार युक्रेन सरकार आधी स्वतः देते, त्याचा तपशील सादर करते, आणि पडताळणी झाल्यावर तेवढी रक्कम भरून मिळते. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनाला जागतिक बँकेचे कर्ज होते. त्या काळात मंत्रालयात किंवा लातूरला काम केलेल्यांना बँकेकडून खर्चाची प्रतिपूर्ती मिळवणे म्हणजे किती कागद लागतात, हे वेगळे सांगावे लागणार नाही. युरोपीय संघाने २०२४ ते २०२७ या काळासाठी जाहीर केलेले ५० अब्ज युरो, ज्यांत ३३ अब्जांची कर्जे आणि १७ अब्जांचे अनुदान आहे, तेही हप्त्याहप्त्याने आणि ठरलेल्या सुधारणा पूर्ण झाल्यावरच मिळतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मार्च २०२३ मध्ये मंजूर केलेल्या १५.६ अब्ज डॉलरच्या कर्जालाही अशाच अटी होत्या.

ही रक्कम लष्करावर खर्च करता येत नाही. त्यामुळे लष्कराचा खर्च युक्रेन मुख्यतः स्वतःच्या करांतून आणि देशांतर्गत कर्जरोख्यांतून भागवते, आणि गाजलेले बहुतेक खरेदी घोटाळे याच पैशातील आहेत. जानेवारी २०२३ मधील अंड्यांचे प्रकरण घ्यावे. बाजारात सुमारे ७ रिव्नियाला (रिव्निया हे युक्रेनचे चलन) मिळणारे अंडे सैनिकांच्या जेवणाच्या कंत्राटात १७ रिव्निया दराने लावलेले आहे, हे एका युक्रेनी पत्रकाराने उघड केले. मंत्रालयाने आधी ती लेखनिकाची चूक असल्याचे सांगून पाहिले, उपमंत्र्यांना जावे लागले, आणि सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझ्निकोव्ह यांच्या जागी रुस्तेम उमेरोव्ह आले. टीकाकारांचा मुख्य आक्षेप एका अंड्यापुरता नव्हता. कंत्राट संपूर्ण खाद्यसूचीचे मिळून दिले जात असे, त्यामुळे रोज लागणाऱ्या वस्तूंचा दर फुगवायचा, क्वचित लागणाऱ्या वस्तूंचा दर मुद्दाम खाली ठेवायचा, आणि एकूण निविदा स्वस्त दिसेल अशी मांडणी करायची, ही त्यातील खरी युक्ती होती. आपल्याकडे शालेय पोषण आहाराच्या किंवा वसतिगृहांच्या निविदा ज्यांनी जवळून पाहिल्या असतील त्यांना ती ओळखीची वाटेल.

तर मग ‘परदेशी पैसा सुरक्षित, चोरी फक्त स्वतःच्या पैशाची’ असे म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. शिक्षकांच्या पगाराचा भार बाहेरच्यांनी उचलला म्हणूनच सरकारचा तेवढा पैसा अंड्यांच्या कंत्राटासाठी मोकळा झाला. कागदोपत्री ब्रुसेल्सचा युरो शाळेत गेला आणि कीव्हचा रिव्निया कंत्राटदाराकडे गेला हे खरे, परंतु पहिला आला नसता तर दुसरा तेथे पोचलाच नसता. म्हणून मदत देणाऱ्या देशांच्या प्रवक्त्यांनी ‘आमचा पैसा चोरीला गेल्याचा पुरावा नाही’ असे म्हटले की ते खरे बोलत असतात, परंतु अर्धेच. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कोणाला कोणते कागद मागण्याचा अधिकार आहे हे त्यावरून ठरते. करदात्याच्या दृष्टीने मात्र तो फारसा उरत नाही.

जाता जाता एक नोंद. युक्रेनमध्ये २०१६ पासून सरकारी खरेदी प्रोझोरो नावाच्या खुल्या संगणकीय व्यवस्थेतून होते आणि कोणीही नागरिक तेथे दर पाहू शकतो. युद्ध सुरू झाल्यावर सुरक्षेच्या कारणाने लष्करी खरेदी तीतून काढली गेली, आणि त्या आडोशाने अंडीही गुप्त झाली. प्रकरण बाहेर आल्यावर कायदा बदलून शस्त्रेतर वस्तूंचे दर प्रसिद्ध करणे बंधनकारक केले गेले. क्षेपणास्त्राचा दर गुप्त ठेवण्याचे कारण समजते. बटाट्याचा दर शत्रूला कळल्याने कोणते युद्ध हरले असते, हे मात्र मला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.


उत्तर : शनिवार पेठ

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत आणि नेमके त्यामुळेच वाचकाचा गैरसमज होण्याची शक्यता आहे. सर्व काही नोंदीत आहे, हप्ते अटींवर आहेत, पत्रकार जागे आहेत, असे चित्र उभे राहते. त्यात अडचणीचे काही मुद्दे घालणे मला आवश्यक वाटते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जे बाहेर आले ते खालच्या पातळीवरील कारकुनाचे काम नव्हते. युक्रेनच्या भ्रष्टाचारविरोधी कार्यालयाने १५ महिने तपास करून, सुमारे १००० तासांचे संभाषण ध्वनिमुद्रित करून असा आरोप ठेवला आहे की एनर्होआटोम या सरकारी अणुऊर्जा कंपनीच्या कंत्राटदारांकडून १० ते १५ टक्के रक्कम उकळली जात होती, आणि सुमारे १० कोटी डॉलर अशा रीतीने फिरवले गेले. यात मुख्य आरोपी म्हणून नाव आलेले तिमूर मिंदिच हे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी राजकारणात येण्यापूर्वी ज्या मनोरंजन कंपनीतून नाव कमावले तिचे सहमालक होते, आणि धाडी पडण्याच्या जरा आधी ते देशाबाहेर गेले. न्यायमंत्री हर्मन हालुश्चेन्को आणि ऊर्जामंत्री स्वितलाना ह्रिंचुक यांना पद सोडावे लागले, आणि २८ नोव्हेंबरला अध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख आंद्री येरमाक यांच्या घराची झडती झाल्यावर त्यांनीही राजीनामा दिला. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत, हे मान्य. परंतु रशियाच्या हल्ल्यांनी वीजकेंद्रे पडत असताना, लोक रोज कित्येक तास अंधारात बसत असताना, वीज खात्यातच टक्केवारी चालू होती हा आरोप आहे, आणि तो रशियाने नव्हे तर युक्रेनच्याच तपास यंत्रणेने केला आहे.

दुसरा मुद्दा अफगाणिस्तानचा. तेथील पुनर्बांधणीसाठी अमेरिकेने एक खास महानिरीक्षक नेमला होता, त्याचे अहवाल दर तिमाहीला येत, त्यांत कागदावरच असलेल्या सैनिकांचे पगार, न बांधलेल्या शाळा, सारे काही नोंदवले जाई. काबूल बँक २०१० मध्ये कोसळली तेव्हा तीतून सुमारे ९० कोटी डॉलर बड्या भागधारकांच्या नावावर निघून गेले होते. याच महानिरीक्षकाच्या २०१६ च्या अहवालात असे स्पष्ट म्हटले आहे की त्या छोट्या अर्थव्यवस्थेला पचवता येईल त्यापेक्षा किती तरी अधिक पैसा, फार वेगाने आणि पुरेशा देखरेखीविना ओतून अमेरिकेनेच भ्रष्टाचाराला खतपाणी घातले. अहवाल अचूक होते, वेळेवर होते, आणि त्यांचा उपयोग शून्य झाला, कारण पैसा थांबवण्याची इच्छा राज्यकर्त्यांना नव्हती. तेव्हा ‘तपास होत आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानच्या हाती पडलेले काबूल विसरू नये.

मी मदत बंद करा असे म्हणत नाही. परंतु चोर पकडला गेला म्हणजे घर सुरक्षित आहे, असा जो सूर हल्ली युक्रेनच्या हितचिंतकांत ऐकू येतो, तो मला पटत नाही. पारदर्शकतेच्या जागतिक निर्देशांकात युक्रेनचे गुण २०१३ मधील २५ वरून २०२३ मध्ये ३६ वर गेले आणि पुढच्या वर्षी ३५ झाले. सुधारणा आहे, पण १०० पैकी ३५ ला काठावर उत्तीर्ण यापेक्षा अधिक म्हणण्याचे धाडस पुण्यातील कोणताही शिक्षक करणार नाही. (भारताचे त्या वर्षी ३८ होते, त्यामुळे कॉलर ताठ करण्याचे आपल्यालाही कारण नाही.)


उत्तर : वकील, शिवाजीनगर

शनिवार पेठ यांचा अफगाणिस्तानचा दाखला वजनदार आहे, परंतु मला त्यातच दोन देशांमधला फरक दिसतो, आणि तो कायद्याच्या रचनेचा आहे.

काबूलमध्ये तपास करणारा महानिरीक्षक अमेरिकेचा होता. अफगाण मंत्र्याला अटक करण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि ज्या अफगाण यंत्रणेला तो होता ती अध्यक्षांच्या मर्जीवर होती. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष करझाई यांच्या एका सहायकाला लाचेच्या आरोपावरून अटक झाली आणि त्याच दिवशी वरून आदेश येऊन त्याची सुटका झाली. युक्रेनमध्ये २०१५ पासून भ्रष्टाचारविरोधी कार्यालय, म्हणजे नाबू, तपास करते, वेगळे विशेष अभियोजक कार्यालय खटला चालवते, आणि २०१९ पासून वेगळे उच्च भ्रष्टाचारविरोधी न्यायालय निकाल देते. या न्यायालयाचे न्यायाधीश निवडताना परदेशी तज्ज्ञांच्या मंडळाला उमेदवार नाकारण्याचा अधिकार दिला गेला. सार्वभौम देशाने असे कलम आपल्या कायद्यात घेणे सोपे नाही. आपल्या संसदेत असा प्रस्ताव कोणी मांडला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. मे २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष व्सेवोलोद क्न्याझेव्ह यांना २७ लाख डॉलरच्या लाचेच्या आरोपावरून पकडले गेले, तेही याच यंत्रणेकडून.

या यंत्रणेची ताकद किती हे तिच्यावर झालेल्या हल्ल्यावरून कळते. २२ जुलै २०२५ रोजी युक्रेनच्या संसदेने नाबू आणि विशेष अभियोजक या दोघांना महाभियोक्त्यांच्या, म्हणजे राजकीय नेमणुकीवर आलेल्या अधिकाऱ्याच्या, हाताखाली आणणारा कायदा संमत केला आणि अध्यक्षांनी त्याच दिवशी त्यावर सही केली. त्या संध्याकाळपासून कीव्ह, लव्हिव, ओदेसा आणि इतर शहरांत लोक पुठ्ठ्यांचे फलक घेऊन रस्त्यावर उतरले. युद्ध सुरू झाल्यापासून सरकारविरोधात एवढा मोठा जमाव तोवर जमला नव्हता. ३१ जुलैला संसदेने ३३१ विरुद्ध शून्य मतांनी आधीची व्यवस्था परत आणली. एनर्होआटोमचा तपास त्या वेळी आतून चालू होता, ही बाब नोव्हेंबरात कळली. कायद्यातील बदल आणि हा तपास यांचा संबंध होता का, याचा निर्णय पुराव्याशिवाय करणे मी माझ्या पेशामुळे टाळतो, परंतु तारखा प्रत्येकाने शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

याच सुमारास युरोपीय संघाने आपला एक हप्ता साडेचार अब्ज युरोंवरून तीन अब्जांच्या जवळपास आणला, कारण ठरलेल्या १६ सुधारणांपैकी ३ अपुऱ्या होत्या, आणि त्यांतील एक या भ्रष्टाचारविरोधी न्यायालयातील नेमणुकांची होती. ताईंच्या वाचक मंडळातील दोन्ही गटांना मी हे उदाहरण देईन. मदत बंद झाली नाही, आणि हिशेब मागणे क्रूरपणाचेही ठरले नाही. एका विशिष्ट कामासाठी ठरलेली रक्कम ते काम होईपर्यंत थांबवली गेली.

आपल्याकडील स्थितीशी तुलना करावी असे वाटते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७ अ नुसार लोकसेवकाने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. ते कलम युक्रेनमध्ये असते तर ते १००० तासांचे ध्वनिमुद्रण कोणाच्या परवानगीने झाले असते?


कर्वेनगरकर

सर्वांचे आभार, विशेषतः शनिवार पेठ यांचे, कारण त्यांच्या उत्तराने मंडळातील पहिल्या गटाची बाजू त्या गटाने मांडली त्यापेक्षा नीट मांडली गेली. आणखी दोन गोष्टी विचारते. एक, ज्या व्यवहारात पैसे गेले आणि माल आलाच नाही, असे शस्त्रखरेदीचे प्रकरण घडले आहे का? दोन, २०२५ पासून अमेरिका स्वतः देणगी देण्याऐवजी शस्त्रे विकते आणि युरोपीय देश त्यांचे पैसे भरतात, असे वाचले. या नव्या रीतीत तपासणी कोण करते?


उत्तर : निवृत्त लेखाधिकारी, खडकी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या सुरक्षा यंत्रणेने उघड केले की ऑगस्ट २०२२ मध्ये एक लाख उखळी तोफगोळ्यांसाठी केलेल्या करारात सुमारे ४ कोटी डॉलर, म्हणजे दीड अब्ज रिव्निया, आगाऊ दिले गेले आणि एकही गोळा आला नाही. पैसा युक्रेनच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातील होता. सर्व जग दारूगोळा शोधत असताना विक्रेता ‘आधी पैसे’ म्हणतो, मध्यस्थ ‘आज सही केली नाही तर माल दुसरीकडे जाईल’ म्हणतो, आणि आघाडीवरून तर दूरध्वनीवर दूरध्वनी येत असतात. अशा वेळी नियमांवर बोट ठेवणारा लेखापाल देशद्रोही ठरतो.

आम्हा भारतीयांना हे नवे नाही. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये लढाई चालू असताना लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी प्रचलित पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. बरीचशी रक्कम आगाऊ गेली, १५५ गाड्या आल्या, आणि त्या लष्कराच्या उपयोगाच्या नव्हत्या. संसदेत टीका झाली, समितीने चौकशी केली, आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केले. पुढे मेनन संरक्षणमंत्री झाले. तोफगोळ्यांच्या प्रकरणात निदान अटका झाल्या, हा फरक शनिवार पेठ यांनीही लक्षात घ्यावा.

आगाऊ रकमेच्या या दुखण्यावर मला आवडलेला उपाय डेन्मार्कचा आहे. २०२४ मध्ये डेन्मार्कने युक्रेनला माल किंवा रोख न देता युक्रेनच्याच कारखान्यात बनणाऱ्या १८ बोहदाना तोफांची किंमत भरली. कारखाना कोणता, दर रास्त आहे का, तोफ खरोखर बाहेर पडली का, हे पाहण्याची जबाबदारी पैसे भरणाऱ्याने स्वतःकडे घेतली. मध्यस्थाला त्या साखळीत जागा उरली नाही. इतर काही देशांनीही पुढे हीच वाट धरली.

दुसऱ्या प्रश्नाबाबत. पैसे कोणीही भरले तरी अमेरिकी बनावटीच्या शस्त्रांवरील अमेरिकी देखरेखीचा कायदा लागूच राहतो, त्यामुळे क्रमांकवार मोजदादीचे बंधन कागदावर बदललेले नाही. बदल झाला आहे तो तपासणाऱ्यांच्या बाजूला. जानेवारी २०२५ मध्ये नव्या अमेरिकी प्रशासनाने एका रात्रीत निरनिराळ्या खात्यांच्या सुमारे १७ महानिरीक्षकांना काढून टाकले. त्यांत संरक्षण खात्याचेही होते, म्हणजे ज्या कार्यालयाने मी वर सांगितलेला ५९ टक्क्यांचा अहवाल दिला त्याच कार्यालयाचे प्रमुख. फेब्रुवारीत परदेशी मदत संस्थेचे महानिरीक्षकही गेले, त्यांच्या कार्यालयाने मदत अचानक थांबवण्याचे दुष्परिणाम सांगणारा अहवाल दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी. जुलैमध्ये ती संस्थाच बंद झाली. युक्रेनमधील भ्रष्टाचाराची चिंता सर्वांत मोठ्या आवाजात व्यक्त करणारे आणि हे निर्णय घेणारे लोक एकच आहेत, हे मंडळातील पहिल्या गटाला ताईंनी अवश्य विचारावे. उत्तर काय मिळते ते येथे कळवले तर बरे होईल.


उत्तर : शनिवार पेठ

जीपच्या प्रकरणाबाबत लेखाधिकारी साहेबांशी सहमत आहे. महानिरीक्षकांच्या मुद्द्यावर एवढेच म्हणतो की अमेरिकेने आपले तपासनीस काढले म्हणून कीव्हमधील टक्केवारी कमी झालेली नाही, उलट आता युरोपने आपले स्वतःचे मोजणारे लोक तेथे पाठवणे अधिक निकडीचे झाले आहे. पैसे ज्यांनी भरले त्यांचे निरीक्षक कोठारात शिरू शकतात का, की त्यांनी अमेरिकी नोंदींवरच विसंबायचे, हे त्या करारांत काय लिहिले आहे त्यावर ठरेल, आणि वकील साहेबांना त्यांपैकी एखाद्याचा मसुदा मिळाला तर तो आधी वाचावा लागेल.